दोन दिवसांचं माहेर

१४ ऑक्टोबर २००५, शुक्रवार

शिरूर आता पर्यटननगरी होणार. असं आज नगरपालिकेच्या सभागृहात ठरलं, चहा-बिस्किटांसकट. बालवाडीतून निवृत्त झाल्यापासून मला कुठल्याही सभेला बोलावतात, कारण मी वेळेवर जाते आणि शेवटपर्यंत बसते.

भाषणं ऐकून कान किटले. पुण्याहून नगरला निघालेला माणूस शिरूरला उतरतो, चहा पितो आणि पुढच्या गाडीला लागतो. त्यानं इथं मुक्काम करावा अशी सगळ्यांची इच्छा. रांजणगावचा गणपती जवळ, निघोजची कुंडं जवळ, मोरांची वस्ती जवळ. सगळं जवळ आहे, पण शिरुरात काय आहे ते कुणी सांगेना. "पाचकंदील चौक दाखवायचा का?" म्हणून मी विचारलं, तर सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले.

एकटी गौतमी मॅडम हसली. ही नगरपालिकेत समूह संघटक आहे. सत्तावीस-अठ्ठावीसची पोर, पण बोलते मुद्द्याचं. म्हणाली, "लॉज बांधायला दहा वर्षं जातील. घरं तर तयार आहेत. ज्यांच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी पाहुणे ठेवावेत." आमच्या वरच्या खोल्यांतली कंपनीची पोरं दसऱ्याआधीच सोडून गेलीत, हे अख्ख्या गल्लीला माहीत. पुन्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले.

घरी येऊन यांना सांगितलं. हे एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळं कुठलीही नवी गोष्ट यांना आधी विनातिकीट प्रवासी वाटते. म्हणाले, "पैसे भरून आलेला पाहुणा आमटीत मीठ कमी आहे म्हणतो, ललिता. ऐकून घेशील?"

नाही ऐकून घेणार. पण माझ्या आमटीत मीठ कमी नसतंच.

१९ ऑक्टोबर

गौतमी मॅडम घरी येऊन खोल्या बघून गेली. म्हणाली, "काकू, खोली सगळीकडं मिळते. तुमच्याकडं माणसानं का यावं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बायकांना माहेर द्या." मग थांबताच येईना. शहरातल्या बायकांची आई गेलेली असते, भाऊ दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये असतो. त्यांना दोन दिवस चुलीपाशी जायचं नाही म्हणावं. उंबऱ्यात पायावर पाणी घालावं, भाकरतुकडा ओवाळून टाकावा. डोक्याला तेल लावावं, दुपारी झोपू द्यावं, उठवू नये. गरम गरम वाढावं आणि निघताना ओटी भरावी. मॅडम भराभर लिहून घेत होती. तिनं नावही तिथंच ठरवलं: 'माहेर, मुक्काम दोन दिवस'.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" तिनं विचारलं.

सुचायचं काय त्यात! बाईच्या जातीला हे शिकवावं लागत नाही, असं मी तिला सांगितलं.

ती गेल्यावर हे बराच वेळ माझ्याकडं बघत बसले. हे बोलले तर मला राग येतो, आणि नाही बोलले तर जास्त येतो.

२० ऑक्टोबर

कालचं मनातून जाईना म्हणून लिहून टाकते. वहीला काय, ती कुणाला सांगायला जात नाही.

माझं माहेर चिंचमळा. रांजणगावच्या अलीकडं आत वळलं की आलंच. मोटारसायकलवर अर्धा तास. आठ वर्षांत तो अर्धा तास काही सरला नाही.

रांजणगावला एमआयडीसी आली आणि आजूबाजूच्या माळरानालाही सोन्याचा भाव आला. दादानं मला तहसीलला बोलावलं, हक्कसोडीवर सही कर म्हणून. आमच्याकडं बहिणी सह्या करतात. सही करतात, साडी घेतात आणि माहेर राखतात. मी केली नाही. वडिलांची लेक मीही होते, आणि कायदाही तेच म्हणत होता. माझा वाटा मी घेतला, विकला, त्यावर हे घर उभं राहिलं. मला त्याचा पस्तावा नाही, आजही नाही. दादानं भांडण केलं नाही. त्यानं फक्त बोलावणं बंद केलं. दिवाळीला नाही, जत्रेला नाही, पुतणीच्या लग्नाची पत्रिकाही पोस्टानं आली, लग्न झाल्यावर.

वाटा हक्काचा होता. बोलावणंही हक्काचंच होतं ना? दोन्ही हक्क एका बाईला का मिळू नयेत, हे मला कुणी समजावून सांगावं.

भाऊबीज

संध्याकाळी गच्चीवर गेले. ज्यांना भाऊ नाही त्या बायका आज चंद्राला ओवाळतात. शेजारच्या गिताबाईंनी ओवाळलं, त्यांना सख्खा भाऊ नाही. मला म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्ही पण ओवाळा. ताट तर आणलंय."

ताट आणलं होतं खरं. का आणलं होतं कोण जाणे. चंद्रकोर अगदी स्वच्छ दिसत होती. मी निरांजन विझवलं आणि ताट खाली आणलं. मला भाऊ आहे. असताना चंद्राला ओवाळलं तर तो नाही असं होईल. नाही नाही ते मनात येतं.

मुलाचा, सुमितचा, नाशिकहून फोन आला. त्याला म्हटलं, पाहुण्यांसाठी वर गीझर बसवतोय, मजेत आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या पाहुण्या येऊन गेल्या! पुण्याच्या एका बँकेतल्या तिघी. त्यांतली सीमा थोरली, माझ्याच वयाची, चष्मेवाली, काल आली तेव्हा फोन कानाला आणि आज गेली तेव्हा फोन पर्समध्ये तळाशी.

मासवडी केली. ती करताना हात आपोआप चालतात. सारण चिमूटभर जास्त भरायचं, वडी कापताना सुरी पाण्यात बुडवायची. तिघी म्हणाल्या, कुठं शिकलात? मी म्हटलं, आमच्या धुरपदा वहिनीनं शिकवलं, तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला जमत नाही. तेल लावतानाही तेच. वहिनी असं लावायची, वहिनी तसं चोळायची. शेवटी सीमा म्हणाली, "तुमच्या वहिनी भेटायला हव्यात एकदा. कुठं असतात?"

"जवळच," मी म्हटलं आणि ताक आणायला उठले.

निघताना ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. दोघींनी हसत हसत फोटो काढून घेतले. सीमानं पदर पसरला आणि रडायलाच लागली. आई गेल्यावर पहिल्यांदाच कुणी भरली म्हणे. बाकीच्या दोघी गांगरल्या. मला खरं तर राग आला. एवढी शिकलेली बाई, बँकेत एवढा पगार, आणि मूठभर तांदळाला रडते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसले.

हे दारात उभे होते. म्हणाले, "तू का रडतेस आता?" कांदा चिरत होते, असं सांगितलं. कांदा कुठंच नव्हता.

१४ जानेवारी २००६, संक्रांत

दीड महिना लिहायला सवड झाली नाही. दर शनिवारी पाहुण्या आहेत. शिरुरात आता अशी सहा घरं झालीत. रिक्षावाले बायका उतरल्या की विचारतात, "माहेरला का?" बाजारात खणांचा दुकानदार मला बसायला स्टूल देतो. गौतमी मॅडमचं पेपरात नाव आलं. तिची आई पेढे घेऊन माझ्याकडं आली. बोलता बोलता डोळे पुसत म्हणाली, "पोरीनं गावाचं नाव काढलं."

आज सकाळी सीमाचा फोन. "तिळगूळ घ्या, गोड बोला. माहेरी पहिला फोन करायचा म्हणून केला." फोन ठेवला आणि तसाच पुन्हा उचलला. चिंचमळ्याचा नंबर पाठ आहे. सगळे आकडे दाबले, शेवटचा राहिला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. बरं झालं. दूध उतू गेलं असतं.

२२ जानेवारी

गौतमी मॅडमनं 'शिरूर दर्शन' काढलंय. मिनीबस, रविवारची पहाट. आधी मोर, मग नाश्ता, मग रांजणगाव, दुपारी कुंडं, संध्याकाळी घोडनदीचा घाट. ज्या घरी पाहुणे, त्या घरच्या बाईनं सोबत जायचं. आज उत्साहानं सांगायला आली. "काकू, मोर बघायला मी भारी जागा शोधली. चिंचमळा! एका मळ्यात चिंचेच्या झाडांवर इतके मोर येतात. त्याच घरात नाश्ता पण ठरवलाय. दगडोबा काका म्हणून आहेत."

मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. ती बोलतच होती. "आधी काका एकदम कडक. 'आमचं घर म्हंजी हाटेल न्हाई,' म्हणून हाकलूनच लावलं. मग त्यांच्या बायकोनं विचारलं, पाव्हण्या कुणाच्या घरच्या? मी तुमचं नाव सांगितलं, ललिताकाकू, कंट्रोलर साहेबांच्या. त्या आत गेल्या, दोघांचं काय बोलणं झालं देव जाणे, बाहेर येऊन म्हणाल्या, आणा. मला जेवायला पण घातलं."

दगडोबा काका म्हणजे माझा दादा, हे मॅडमला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. माझं नाव ऐकून हो म्हणाले, यात मला काही चांगलं दिसत नाही. ललिताबाईंच्या पाहुण्या म्हणजे पैसेवाल्या, असा हिशेब असेल. नाहीतर मला दाखवायचं असेल की बघ, आमचंही तुझ्यावाचून चाललंय.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू जाऊ नकोस. गिताबाईंना पाठव."

बरोबर आहे. गिताबाईंना पाठवावं.

११ फेब्रुवारी, शनिवार

गिताबाईंचे गुडघे दुखतात. म्हणजे त्या तशा काही बोलल्या नाहीत, पण मिनीबसची पायरी उंच असते. आणि गौतमी मॅडम एकटी पडेल. योजनेची सुरुवात माझ्या घरून झाली, उद्या काही कमी-जास्त झालं तर नाव माझं जाईल. म्हणून मीच जातेय.

नवी साडी घेतली. योजनेच्या बाईनं नीटनेटकं दिसावं. पोपटी रंग लांबून दिसतो, पाहुण्या हरवल्या तर बरं.

हे म्हणाले, "पोपटी तुझ्या वहिनीचा आवडता ना?" मी लक्ष दिलं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार
चिंचमळा

'शिरूर दर्शन'च्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. वही घरी राहिली. लिहून ठेवलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बस वळणावर आत शिरली. रस्ता डांबरी झालाय, कंपनीच्या भिंती पार ओढ्यापर्यंत आल्यात. पण चिंचा तशाच. मोर आले, पाहुण्यांनी फोटो काढले. मी मोर बघितले नाहीत. मी गोठ्याकडं बघत होते. दादा धारा काढत होता. केस पांढरे झालेत. त्यानं मान वर केली नाही.

उंबऱ्यात वहिनी तांब्या घेऊन उभी. एकेक पाहुणीच्या पायावर पाणी घालत होती, तुकडा ओवाळून टाकत होती. माझी पाळी आली. तिनं वर न बघता पाणी घातलं, इतकं की निम्मी साडी भिजली. तुकडा ओवाळला. बोलली नाही. मग मीही बोलले नाही. मी काय कमी आहे का!

सतरंजीवर बसलो. धपाटी, दही, कागदाच्या पत्रावळ्या. माझ्याच घरात मला कागदाच्या पत्रावळीत. ताटं कुठल्या फळीवर असतात ते मला डोळे झाकून सांगता येईल. एक पाहुणी म्हणाली, "काकू, तुमचं माहेर असंच होतं का हो?"

वहिनी वाढता वाढता थांबली. दादा बादली घेऊन दारात आला होता, तोही थांबला.

"असंच," मी म्हटलं. "अगदी असंच."

निघायच्या वेळी वहिनीनं सगळ्यांना ओळीनं बसवलं. मॅडमनं तसं ठरवूनच दिलं होतं. हळद, कुंकू, खण, नारळ, तांदूळ. पाहुण्यांच्या ओळीत शेवटी मीही बसले. आपोआप बसले, पदर पुढं घेतला. वहिनी एकेकीची ओटी भरत आली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग सूप उचललं आणि आत गेली.

सुपात तांदूळ होते. मी बघितले. एक खणही शिल्लक होता.

मी उठले. पदर सावरला, बाहेर आले, बसमध्ये अगदी मागं जाऊन बसले. एवढा अपमान मला तहसीलच्या ओट्यावरही वाटला नव्हता. तीन महिने मी लोकांच्या लेकींच्या ओट्या भरतेय आणि माझ्या घरात माझ्या पदरात मूठभर तांदूळ पडेनात. रडू यायला लागलं ते थांबेना. आई असती तर, असं सारखं वाटत होतं. पाहुण्या चढल्या. मॅडम घाबरली. ड्रायव्हर जालिंदरनं गाडी सुरू केली.

तेवढ्यात दादा बसच्या दाराशी आला. जालिंदरला म्हणाला, "थांब रं. एक माणूस इथंच उतरणार हाय." मग आत डोकावला. "नकुशे, उतर खाली."

हे माझं जन्माचं नाव. लग्नात बदललं, तेव्हापासून सगळ्या जगाला मी ललिता. दादा सोडून या नावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नको असताना झाले म्हणून ठेवलेलं नाव, आणि तेच ऐकायला मी आठ वर्षं झुरले.

तरी मी उतरले नाही. मी म्हटलं, "कशाला? कुंकू लावलंत, झालं की."

दादाला बाजूला सारून वहिनीच वर चढली. धापा टाकत शेवटच्या सीटपर्यंत आली आणि माझा दंड धरला. "वन्सं, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? ओटी भरत्यात ती जाणाऱ्या बाईची. त्या समद्या जायच्यात म्हणून त्यांची भरली. तुमची भरून तुम्हाला वाटंला लावू व्हय? आठ वर्सांनी आल्यात आन् नाष्ट्यावर जायचं म्हनत्यात!"

"तुम्ही बोलावलं कवा?" माझ्या तोंडून तिचीच बोली आली.

"आन् हे काय हाय मग? ह्यान्ला पाव्हण्यांची हौस हाय व्हय? तुमचं नाव ऐकलं आन् रातभर जागं होतं. सकाळी मला म्हनले, ती पाव्हण्यांच्या संगं येईल, तवा तरी येईल."

दादा खाली उभा राहून चिंचेकडं बघत होता. मग म्हणाला, "जमिनीचं जमिनीपाशी. तू ये." एवढंच म्हणाला. तो पहिल्यापासून असाच, चार शब्द बोलला की दम लागतो.

मी उतरले. मॅडमला म्हटलं, रांजणगावला तू ने, कुंडांपाशी कुणाला कठड्यावर चढू देऊ नकोस. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं काही न विचारता माझी पिशवी खिडकीतून खाली दिली. पाहुण्या हात हलवत होत्या. एकीनं आमचा फोटो काढला.

बस वळणाआड गेली. अंगण एकदम रिकामं झालं. वहिनी म्हणाली, "साडी भिजली का?" मी म्हटलं, "तुम्हीच भिजवलीत." "मग बदला की. ट्रंकेत हाय तुमची एक."

१५ फेब्रुवारी, बुधवार

पत्रकावर आता जागा उरली नाही, कडेनं लिहितेय. तीन दिवस मी काहीही केलं नाही. जेवते, झोपते, वहिनी तेल लावते. भांडलोही. जमिनीवरून नाही, मासवडीत सारण किती भरायचं यावरून.

आज सकाळी यांचा फोन आला, दादाच्या मोबाइलवर. शनिवारी सात बायका यायच्यात, गौतमी मॅडम रोज दारात येऊन विचारते. मग ललिता कधी निघणार? वहिनी तेव्हा अंगणात सूप घेऊन ओटीचे तांदूळ निवडत बसली होती. परवापासून तेच मूठभर तांदूळ निवडतेय.

दादानं सुपाकडं बघितलं. फोनवर म्हणाला, "दाजी, तांदूळ निवडून झालं की धाडतो." आणि वहिनीकडं बघून पुढं म्हणाला, "लई खडं हायती."

वहिनीनं सूप खाली ठेवलं आणि चहा टाकायला उठली.